‘हे खरे आहे काय?’

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची छापील यादी हातात घेतली, की एक वाक्य पानोपानी भेटतं: ‘हे खरे आहे काय’. आमदार मंत्र्याला जे विचारतो, त्यातलं बरंचसं याच चार शब्दांवर उभं असतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती भाषा कोरडी, सरकारी वाटते. पण गोंदियातल्या धान खरेदी केंद्रावर ज्याचे कट्टे पडून आहेत, त्याच्यासाठी हे चार शब्द फार मोलाचे आहेत. ते कसे वापरले जातात, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

समजा, गोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं डिसेंबरात आधारभूत केंद्रावर शंभर कट्टे धान नेलं. कट्टा म्हणजे पोतं, चाळीस किलोचं. काट्यावर मात्र प्रत्येक कट्ट्यात बेचाळीस किलो भरून घेतलं आणि पावतीवर चाळीसच लिहिलं. म्हणजे दोन क्विंटल धान कागदावर आलंच नाही. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, त्या हिशेबानं ४,७३८ रुपये गेले. त्यात चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, दोन महिने खात्यावर आलेला नाही. हा शेतकरी आमदाराला लग्नात भेटतो, हात धरून सांगतो, आमदार ‘बघतो’ म्हणतो. इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढे काय व्हायला हवं, ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी ठरवावं लागतं, हा प्रश्न कोणाचा. माझ्या मते निम्मे प्रश्न इथेच वाया जातात. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते. त्यामुळे ‘भाव कमी का’ असं विधानसभेत विचारलं, तर राज्याचा मंत्री दिल्लीकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि नियमानं ते बरोबरच असतं. तो प्रश्न खासदाराचा. धान प्रत्यक्ष घेण्याचं काम मात्र राज्यातल्या यंत्रणांचं आहे. गोंदिया, गोरेगाव, तिरोड्याकडे बहुतेक केंद्रं पणन महासंघाच्या वतीनं चालतात, तर देवरी, सालेकशाकडच्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ खरेदी करतं. गाऱ्हाणं एकच असलं, तरी गोरेगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न अन्न व नागरी पुरवठा किंवा पणन खात्याच्या मंत्र्याकडे जातो आणि देवरीच्या शेतकऱ्याच्या प्रश्नात आदिवासी विकास मंत्र्यालाही ओढावं लागतं.

वजनाची गोष्ट आणखी वेगळी. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वजनमापांची मानकं ठरवणं संघ सूचीत आहे आणि मानकं सोडून बाकीची वजनमापं समवर्ती सूचीत. काटा तपासणारा वैधमापन निरीक्षक राज्याचा असतो. तो ज्या खात्याखाली काम करतो, त्याच्या नावातच ‘ग्राहक संरक्षण’ हे शब्द आहेत: अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग. म्हणून ‘काट्यात मारतात’ ही तक्रार निव्वळ शेतीची राहत नाही. बाजारात किलोभर साखर घेणाऱ्याला जो कायदा राखतो, तोच इथे धान विकणाऱ्याला राखायला हवा.

विचारणार कोण, तेही पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव. २०२४ च्या निवडणुकीनंतर चारही आमदार सत्ताधारी बाजूचे आहेत. त्यामुळे ‘आता विचारणार कोण’ अशी कुरकूर ऐकू येते, पण ती मला पटत नाही. प्रश्न विचारणं हा विरोधकांचा मक्ता नाही, सत्ताधारी आमदारही सर्रास विचारतात आणि त्यांच्या प्रश्नाला खातं हलक्यात घेत नाही. शिवाय विधान परिषदेत भंडारा-गोंदिया स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ आहे, नागपूर विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आहेत. खासदार दोन पडतात, कारण आमगाव विधानसभा मतदारसंघ लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये मोडतो आणि बाकीचे तीन भंडारा-गोंदियामध्ये.

आता प्रश्न लिहायचा. त्याचा साचा ठरलेला आहे. आपल्या शेतकऱ्याचा प्रश्न साधारण असा होईल: (१) गोंदिया जिल्ह्यातील अमुक केंद्रावर अमुक तारखेपासून प्रति कट्टा चाळीस किलोऐवजी बेचाळीस किलो धान घेतले जात असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा साचा मला फार हुशारीचा वाटतो. पहिल्या भागात मंत्र्याला वस्तुस्थिती मान्य करायची किंवा नाकारायची असते, तिसरी वाट एकच, ‘अंशतः खरे’ची, तिच्याकडे पुढे येऊ. पुढचे भाग त्याच दोरीनं बांधलेले: चौकशी केली म्हटलं तर कारवाई सांगा, केली नाही म्हटलं तर उशीर का ते सांगा. प्रश्नात वाद घालता येत नाही, टोमणा मारता येत नाही, कुणाला विशेषणं लावता येत नाहीत, मंत्र्याचं मत विचारता येत नाही. लोकसभेत तर प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. न्यायालयात चाललेलं प्रकरणही सहसा बाद होतं. विधानसभेत प्रश्न स्वीकारायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात, परिषदेत सभापती. शेजारच्या साकोलीचे नाना पटोले २०१९ ते २०२१ या काळात त्या अध्यक्षपदावर होते, तेव्हा धानपट्ट्यातल्या कट्ट्याचा अर्थ त्या आसनावरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

प्रश्न स्वीकारला गेला, की तो मंत्रालयातल्या खात्याकडे जातो. तिथल्या कार्यासनाला उत्तर माहीत असणं शक्यच नसतं. ते खाली विचारतं, आणि प्रश्न फिरून गोंदियालाच येतो: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पुरवठा अधिकारी, जिल्हा पणन अधिकारी. सरकारी कार्यालयांत याला ‘एलएक्यू’ म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ म्हटलं, की हातातली कामं बाजूला पडतात, कारण उत्तराला तारीख असते. ज्या केंद्राबद्दल तक्रार आहे, त्याच्या नोंदी काढल्या जातात, कधी पथक जाऊन काटा तपासून येतं. मला वाटतं, प्रश्नाचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच होतो. मंत्री सभागृहात उभे राहण्याआधीच जिल्ह्यात कुणीतरी फाईल उघडलेली असते. पण त्याचबरोबर, ज्याच्यावर ठपका आहे त्याच्याच साखळीतून उत्तर वर जातं, हेही विसरता येत नाही. म्हणून प्रश्नात केंद्राचं नाव, तारीख आणि किलो नेमके असावे लागतात. ‘काही केंद्रांवर’ असं मोघम लिहिलं, तर उत्तरही तितकंच मोघम येतं.

आता उत्तर वाचायला शिकू. ‘हे खरे नाही’ आलं, तर पुढच्या साऱ्या भागांना एकच उत्तर मिळतं: ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘हे खरे आहे’ आलं, तर सरकारनं लेखी कबुली दिली, ती पुढे कितीही वर्षं दाखवता येते. पण नीट वाचायचं उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. यात कुठला अंश खरा, तेच खरं उत्तर असतं. बेचाळीस किलोमध्ये बारदान्याचं वजन धरलं होतं, असं खातं म्हणेल, तर रिकाम्या बारदान्याचं वजन किती, हा पुढचा प्रश्न तयार झाला. धानात ओलावा १७ टक्क्यांहून जास्त होता म्हणून जादा घेतलं, असं उत्तर आलं, तर तो ओलावा यंत्रावर मोजून पावतीवर लिहिला होता का, हे विचारायला जागा झाली.

ही जागा वापरता यावी म्हणून प्रश्नाला तारा लागतो. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, आणि तासाभरात त्या विसांपैकी मोजकेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं छापून पटलावर ठेवतात. आकडे हवे असतील, म्हणजे किती क्विंटल खरेदी झाली, किती चुकारे थकले, तर अतारांकित प्रश्नच बरा. मंत्र्याला उभं करून विचारायचं असेल, तरच ताऱ्याच्या मागे लागावं.

उपप्रश्न ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्याला एका दमात मिळालेली नाही. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजानं पहिला प्रश्न विचारला, तो दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना माल पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाबद्दल होता. या देशातला पहिला विधिमंडळी प्रश्नच दुकानदारीचा! उपप्रश्नाचा हक्क यायला मात्र १९०९ साल उजाडलं. त्याची धार दिसली १९५७-५८ मध्ये. आयुर्विमा महामंडळानं मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाची गोष्ट लोकसभेत एका प्रश्नातूनच वर आली, फिरोज गांधींनी ती लावून धरली, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावं लागलं.

गोंदियाला एक अडचण आहे आणि एक सोय आहे. अडचण अशी, की प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. लोकसभेत किमान पंधरा दिवस, आणि विधानसभेचे प्रश्न तर कित्येक आठवडे आधीच गेलेले असतात. डिसेंबरात काट्यावर घडलेलं त्याच अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून येणं जवळपास अशक्य. सोय अशी, की हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटरवर, आणि नेमकं धान केंद्रावर असतं तेव्हाच. नागपूर करारातून आलेली ही रीत धानपट्ट्याच्या फार कामाची आहे. अशा ताज्या गोष्टीसाठी ‘लक्षवेधी सूचना’ असते: तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, त्यांनी निवेदन करायचं आणि त्यावर प्रश्न घ्यायचे. आधीच्या उत्तरानं समाधान झालं नसेल, तर ‘अर्धा तास चर्चा’ मागता येते.

नागपूरच्या अधिवेशनात धानाचा दबाव किती पोचतो, ते बोनसवरून कळतं. पूर्वी बोनस क्विंटलमागे मिळे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात हेक्टरी १५,००० रुपये आणि डिसेंबर २०२३ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये जाहीर झाले, दोन्ही वेळा दोन हेक्टरांच्या मर्यादेत. क्विंटलवरून हेक्टरवर जाण्यानं केंद्रावर कोण किती धान आणतो याचं गणितच बदलतं. परराज्यातलं धान इथल्या सातबाऱ्यावर विकून बोनस लाटता येत नाही, पण ज्यानं खपून जास्त पिकवलं त्यालाही वेगळं काही मिळत नाही. अशा धोरणावर खरे तर दर अधिवेशनात आकडे मागायला हवेत.

भरडाईचंही तसंच. एक क्विंटल धानामागे मिलरनं ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. उतारा तितका पडत नाही म्हणून मिलर धान उचलायला कुरकुरले, की गोदामं तुंबतात, केंद्रं खरेदी थांबवतात आणि शेतकरी कमी भावात व्यापाऱ्याकडे वळतो. ‘खरेदी का थांबली’ असं विचारण्यापेक्षा ‘अमुक तारखेला गोदामांत किती धान शिल्लक होतं आणि त्यातलं किती भरडाईला गेलं’ असं विचारलं, तर साखळीतली नेमकी कडी हाती लागते.

मंत्री उत्तरात ‘चौकशी करू’, ‘अहवाल आल्यावर कारवाई करू’ असं म्हणाले, तर ते वाक्य वाऱ्यावर जात नाही. त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. मुदती वाढत जातात हे खरं, पण नोंद पुसली जात नाही.

आपल्या शेतकऱ्यानं काय जपून ठेवावं, ते यावरून उघड आहे: काट्याची पावती, केंद्राचं नाव, तारीख, कट्ट्यांची संख्या, शक्य तर दुसऱ्या काट्यावर केलेलं वजन. हे सगळं आमदाराच्या स्वीय सहायकाच्या हातात पडलं, की प्रश्नाचा पहिला भाग आपोआप लिहिला जातो. छापील उत्तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. त्यात ‘अंशतः खरे आहे’ आलं असेल, तर पावसाळी अधिवेशनाचा प्रश्न तिथूनच सुरू करायचा: ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुकला दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तराच्या संदर्भात’. तोवर जून-जुलै आलेला असेल, अधिवेशन मुंबईत असेल आणि त्याच केंद्राच्या काट्यावर उन्हाळी धान चढत असेल.