गुग्गुळाला घाई चालत नाही

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. देवघरात धुपाला लागणारा गुग्गुळ ज्या झुडपापासून मिळतो, ते महाबळेश्वरच्या पाणथळ मातीत कुजेल. त्याला माणसारखी कोरडी, निचऱ्याची जमीन लागते. त्याचं मूळ घर कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान आणि सिंध.

शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी. बाळंतिणीला देतात तो हिराबोळ याच्याच भाऊबंदांचा. पुरुषभर-दीड पुरुष उंची, वाकड्यातिकड्या फांद्या, टोकांना काटे. पावसाळा सरला की पानं झडतात आणि वर्षातला बराच काळ झुडूप मेल्यासारखं उभं असतं. पण कागदासारख्या सुटणाऱ्या सालीखाली हिरवा थर असतो. पानांचं काम तोच करतो. फुलं बारीक, तांबूस. बहुतेक झुडपं मादी, नर क्वचितच. तरी परागीकरणावाचून बी धरतं!

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सालीला खाचा पाडून डिंक काढतात. झुडूप डिंक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. एवढा धीर बाजाराला कुठला? जास्त डिंकासाठी खोल खाचा पाडून त्यांत रसायनं भरतात. डिंक भरपूर येतो, झुडूप मरतं. आज ही जाती जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

मागणी वाढवण्यात विज्ञानाचाही हात आहे. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळ सशांवर तपासला. रक्तातली चरबी उतरली. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यापासून ‘गुग्गुलिपिड’ तयार केलं. 2003 मध्ये मात्र अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. तेव्हा केवळ ‘नैसर्गिक’ म्हणून डॉक्टरांची गोळी सोडून गुग्गुळ घेणं शहाणपणाचं नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या शेतकऱ्याला हे झुडूप लावायचंच असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगठ्याएवढ्या जाड फांद्यांची छाटकलमं बांधावर लावता येतील. डाळिंबासारखा हिशेब मात्र धरू नये. पहिली काही वर्षं त्याला काटेरी कुंपण समजावं.