तरणतलावाचं तळं होतं तेव्हा

सिडनीच्या उत्तरेकडच्या कू-रिंग-गाय कौन्सिलनं घरामागच्या, पडून राहिलेल्या तरणतलावांची तळी करायला रहिवाशांना हात दिला. उपक्रमाचं नाव 'पूल टू पॉन्ड'. क्लोरिन बंद करा, मासे सोडा, इतकं सोपं ते वाटतं. पण मधल्या काही आठवड्यांत त्या पाण्यात जे घडतं, ते मला माशांहूनही अद्भुत वाटतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, आणि कोंडलेल्या पाण्यात तोच त्याचं विष ठरतो. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. हेही जहालच: रक्त तपकिरी पडतं, आणि भोवती ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मग दुसरे जीवाणू, नायट्रोस्पिरा वगैरे, त्याचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. ते वनस्पती शोषून घेतात. एकाचं विष ते दुसऱ्याचं अन्न! अशा जीवाणूंवर सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास प्रकाश टाकला.

हे जीवाणू भिंतींवर, खडीवर, मुळांवर वस्ती करतात. क्लोरिन नेमकं त्यांनाच मारतं. उन्हात ते काही दिवसांत नाहीसं होतं, पण सायन्युरिक आम्ल घातलेलं असेल तर रेंगाळतं. शेवाळ मारायला वापरलेलं तांबं तर आपोआप जातच नाही आणि माशांना अगदी थोडंही बाधतं. म्हणून बरंचसं पाणी बदलावं, पण टाकी एकदम पूर्ण रिकामी करू नये. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असेल, तर रिकामी काँक्रीटची टाकी होडीसारखी वर उचलली जाऊन फुटू शकते.

मग पाणवनस्पती लावायच्या आणि थांबायचं. कुजणाऱ्या पानांतून थोडा अमोनिया सुटतो, त्यावर जीवाणू वाढतात. चार ते सहा आठवडे सहज लागतात. चाचणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले की मोजकेच मासे सोडावेत. खोल तळाशी ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून छोटा पंप पाणी हलतं ठेवायला हवाच.

मासे कोणते, हा प्रश्नही गंभीर आहे. डास खातील म्हणून १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेला गॅम्बुसिया तिथल्या बेडकांची पिल्लंही फस्त करू लागला. त्यामुळे तिथं पॅसिफिक ब्लू-आय हा स्थानिक मासा बरा. आपल्याकडे डासांसाठी सोडतात ते गप्पीही परदेशीच. तळ्याचं ओसंडणारं पाणी ओढ्यात जाणार असेल, तर ते टाळावेत.

भोवतालचं कुंपण मात्र काढू नये. तरणतलावाचं तळं झालं तरी त्याची खोली तेवढीच राहते, आणि हिरव्या पाण्यात पडलेलं मूल वरून दिसत नाही.