पेठाश्रय : कोल्हापूरच्या नवलांचा एक आढावा

दिवाळीच्या पाडव्याला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत नवऱ्याला ओवाळतात. कोल्हापूरच्या गवळीवाड्यांत त्या दिवशी मान असतो म्हशीचा. शिंगांना रंग, टोकाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात तोडे आणि तुकतुकीत काळ्या अंगावर कातरून काढलेली नक्षी. नटवलेली म्हैस वाजतगाजत पेठेतून फिरते आणि मग खरा खेळ सुरू होतो. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीवर मालक पुढे आणि त्या फटफटाटामागे त्याची म्हैस चौखूर! जिच्या संथपणावर भाषेनं म्हणी रचल्या, ते जनावर भर गर्दीतून आपल्या माणसाच्या मागे सुसाट सुटतं आणि दुतर्फा उभं असलेलं गाव शिट्ट्या मारतं.

याच म्हशी एरवी संध्याकाळी गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला उभ्या दिसतात. गिऱ्हाइकानं मागितलं की गवळी तिथल्या तिथं धार काढतो आणि फेसानं डवरलेला पेला हातात देतो. दूध कट्टा म्हणतात तो हाच. शहराच्या ऐन मध्यात म्हैस आणि पेला यांच्यात दोन हातांचं अंतर उरलेलं ठिकाण आज दुसरीकडे सहजी सापडायचं नाही. गंगावेशीची तालीम तिथून हाकेच्या अंतरावर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढं तिचं काम पडणार आहे.

कोल्हापूरचं कौतुक करायचं तर तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांच्यापासून सुरुवात करायची रीत आहे. त्यावर बक्कळ लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. हे असले उद्योग या गावात टिकतात कसे? सरकारी योजना नाही, तिकीट नाही, पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम म्हणूनही कुणी ते सुरू केलेले नाहीत. तरी ते वर्षानुवर्षं चालतात. या नवलांची वंशावळ काढत गेलं की एक सूत्र हाती लागतं. यातल्या पुष्कळ हौशी आधी दरबारानं लावल्या. दरबार गेल्यावर त्यांतल्या ज्या पेठांनी आणि तालमींनी दत्तक घेतल्या, त्याच जगल्या.

दरबाराची हौस

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. आरक्षण, शिक्षण, वसतिगृहं हे त्यांचं काम सर्वांना ठाऊक आहे. पण हा राजा नादिष्टही होता. साठमारीचं मैदान ही त्यांच्या काळातली खूण. मस्तावलेला हत्ती मोकळा सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचं आणि तो अंगावर आला की माणूस जेमतेम मावेल अशा दगडी फटीतून पसार व्हायचं, असा तो जिवावरचा खेळ. शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार हा दुसरा शौक. चित्ते पाळणारे, त्यांना शिकवणारे चित्तेवान दरबारच्या पदरी होते. कुस्ती हा तिसरा. १९०२ साली महाराज युरोपला गेले, तिथं रोमचा प्राचीन आखाडा त्यांनी पाहिला आणि परत येऊन खासबागेचं मैदान बांधायला घेतलं. १९१२ साली ते खुलं झालं. मधे तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट निसटलेला दिसावा, अशी रचना. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. मल्ल आणि गायकनट यांना भिंतीला भिंत लावून घर देणारा दुसरा राजा मला माहीत नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. त्यानंतर कुणाचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. साठमारी आता परिसराच्या नावात उरली. चित्ते गेले. त्या दोन्ही हौशी एकट्या दरबाराच्या जिवावर होत्या; हत्ती पोसणं कुठल्या गल्लीला परवडणार? कुस्तीचं तसं झालं नाही. माती, ताक, तेल, हळद आणि दूध एवढ्यावर ती चालते, आणि तेवढं पेठेला झेपतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी ती पुढं नेली. १९५९ साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० साली तो किताब मिळवणारे गणपत आंदळकर हे याच मातीत घडले.

सिनेमाची गत मात्र निराळी झाली. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव या दोघा कारागिरांनी कोल्हापुरात बसून स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. भांडवलाला हात दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. याच कंपनीत उमेदवारी केलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू केली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. पुढं भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत शर्थ केली, तरी सिनेमा हा धंदा होता आणि धंदा बाजारपेठेच्या मागे जातो. गावानं आपल्यापुरती एक गोष्ट केली : खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचं स्मारक उभारलं. राजांचे, पुढाऱ्यांचे पुतळे गावोगाव असतात. यंत्राला चौथरा देणारं गाव विरळाच.

तालमीचा संसार

बाहेरच्याला तालीम म्हणजे लाल माती आणि लंगोट एवढंच वाटतं. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचं दुसरं घर. कुस्ती मागं पडलेल्या तालमीतसुद्धा संध्याकाळी माणसं जमतात. गणपती तिथंच बसतो, वर्गणी तिथंच ठरते, भांडण तिथंच मिटतं आणि कधी कधी सुरूही तिथंच होतं. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान तुकाराम माळी तालीम मंडळाच्या गणपतीचा, हे सांगायला कोल्हापुरात कागद लागत नाही.

याच तालमींतून गावाला फुटबॉलचं वेड लागलं. कुस्तीच्या गावानं फुटबॉल इतका मनावर घ्यावा, हे वरवर विसंगत दिसतं. पण संघांची नावं वाचा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. आखाड्यातली इरेसरी जशीच्या तशी हिरवळीवर आली, एवढंच. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात सोयरीक असली तरी तेवढ्यापुरती बाजूला राहते. नायजेरियाहून आलेले खेळाडू तालमीचा शर्ट घालून इथं खेळले आहेत आणि गल्लीनं त्यांना घरच्या पोरासारखं डोक्यावर घेतलं आहे. विश्वचषकाच्या दिवसांत तर एका गल्लीत ब्राझीलचे झेंडे, पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनाचे. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून आला. या वेडाची काळी बाजूही आहे : समर्थकांची हाणामारी आणि त्यापायी बंद पडलेले सामने. पेठेची माया आंधळी असते आणि तिचा रागही.

तालमींचा तिसरा अवतार मोहरमचा. कित्येक तालमींत गणपतीइतक्याच निष्ठेनं पंजे बसतात, आणि सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं मोठ्या संख्येनं असतात. चांद्र पंचांगामुळे अधूनमधून मोहरम आणि गणेशोत्सव एकाच आठवड्यात येतात. मग एकाच छपराखाली दोघांची पूजा चालते. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. यावर भाषणं पुष्कळ होतात. तालमीतल्या माणसाला विचारलं तर तो ‘आधीपास्नं हाय’ एवढंच सांगेल.

ओढाओढ, नवं पाणी आणि किरणं

देवाच्या बाबतीतही गाव नुसतं हात जोडून उभं राहत नाही. नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेकडीवर जाते. तिथं एक कुमारिका कोहळा फोडते आणि त्याच्या फोडी मिळवण्यासाठी अशी झुंबड उडते की पोलिसांनाही त्या रेट्यासोबत हलावं लागतं. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की तेच पाणी कलशांतून वाजतगाजत त्र्यंबोलीला नेतात. तेव्हाच्या वाद्याचं नाव ‘पी ढबाक’. एक पिपाणी आणि एक ढोल. नावातच पूर्ण ताल आला. डीजेच्या भिंती आल्या नि गेल्या, पी ढबाक अजून वाजतोय.

दसऱ्याला दसरा चौकात शाही सोहळा होतो. छत्रपती घराण्यातली मंडळी त्या दिवशी १९३६ सालच्या मेबॅक मोटारीतून येतात आणि आपट्याच्या पानांची लूट होते. राजा समारंभापुरता, लूट मात्र गावाची.

सगळ्यांत नाजूक नवल अंबाबाईच्या मंदिरातलं. मंदिर पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा किरणोत्सव. पण आकाशाचं गणित अचूक असून भागत नाही. वाटेतल्या एखाद्या इमारतीचा वाढीव मजला, हवेतली धूळ किंवा ओल यांनी किरणं अडतात, आणि मग ती कमरेपर्यंत आली की गळ्यापर्यंत याची चर्चा गावभर चालते. हा उत्सव व्हायचा असेल तर शेजाऱ्यांनी आपला एक मजला कमी बांधला पाहिजे. इतकी साधी आणि इतकी अवघड अट दुसऱ्या कुठल्या उत्सवाला नाही.

पुतळे आणि परदेश

पुतळा घडवण्यात या गावाचा हात जुना आहे आणि हटवण्यातही. शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. पुढं त्याच जागी बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आला. बिंदू चौकातली गोष्ट तर देशात आगळी. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० रोजी तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते.

टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. रोमन जगाचा हा देव व्यापाराच्या वाटेनं पंचगंगेकाठी आला. उलट दिशेनं गेलेले छत्रपती राजाराम महाराज ऐन तारुण्यात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ साली तिथं छत्री उभारली गेली. १९७० च्या दशकात शेजारी पूल झाला, त्याला त्या लोकांनी ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव दिलं. म्हणजे परक्या मुलखातल्या राजालाही अखेर तिथल्या लोकांनीच सांभाळलं. इटलीशी तिसरी गाठ पडली ती जून २०२५ मध्ये. मिलानच्या मंचावर प्राडाच्या कपड्यांसोबत कोल्हापुरीसारख्या चपला चालल्या आणि उगमाचा उल्लेख नाही म्हणून ओरड झाली. कंपनीनं नंतर ऋण मान्य केलं. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. नाव कोल्हापूरचं, कातडं कमावणारे आणि शिवणारे हात दोन राज्यांचे.

पेठ कुणाला विसरते

इथवर पेठेचं गुणगान झालं. आता तिचा हिशेबही मांडला पाहिजे. पेठ सांभाळते ते दहाजणांनी मिळून करायचं काम : सामना, मिरवणूक, धाव, लूट. एकट्यानं कोपऱ्यात बसून केलेल्या कामाचं तिला काय करावं हे उमजत नाही. चित्रकार आबालाल रहिमान हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. मुंबईत नाव कमावायचं सोडून ते कोल्हापुरात राहिले, रंकाळा आणि भोवतालचा निसर्ग रंगवत राहिले. शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली शेकडो चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं सांगतात. आख्यायिकेत खरं-खोटं किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिचा अर्थ चुकत नाही : राजाश्रय गेल्यावर कुस्तीला तालीम होती, आबालालना तळंच होतं.

दुसरा दाखला ताजा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गाव रडलं, मदत जमली, पुनर्बांधणी सुरू झाली. भिंती उभ्या राहतील. प्रश्न त्यानंतरचा आहे. शाहू स्टेडियमवर गर्दी करणारी पेठ नाटकाला येणार का? मैदान आणि नाट्यगृह यांच्यात महाराजांनी एक भिंत सामाईक ठेवली होती, प्रेक्षक मात्र सामाईक राहिले नाहीत.

यावर उपदेश करून भागणार नाही, कारण उपदेश ऐकणं हा कोल्हापूरचा स्वभावच नव्हे. उपाय गावच्या स्वभावातच आहे. इथं काम होतं ते इरेला पडल्यावर. मंगळवार पेठेनं आबालालच्या चित्रांसाठी चार खोल्यांचं दालन उभारलं अशी नुसती बातमी येऊ द्या. शिवाजी पेठ बाबूराव पेंटरांसाठी आठ खोल्यांचं बांधल्याशिवाय स्वस्थ बसायची नाही, आणि उद्घाटनाची मिरवणूक कुणाची मोठी यावर हंगामभर वाद चालेल. चालू द्यावा.