प्रवाळ पांढरे का पडतात?

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती उथळ पाण्यात दिसणारे प्रवाळ दगडासारखे वाटतात, पण ते प्राण्यांच्या वसाहती असतात. यातला एकेक जीव साधारणपणे काही मिलिमीटरचा. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण कवच रचतो.

या जीवाच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. भाड्याऐवजी घरमालकाला रोज जेवण वाढणारे हे भाडेकरूच! सूर्यप्रकाशात तयार केलेल्या साखरेचा मोठा वाटा ती प्रवाळाला देतात. प्रवाळाचा रंगही बराचसा त्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अवघा एक अंश सेल्सिअसने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी ही जोडी मोडते. शैवाले बाहेर फेकली जातात आणि पारदर्शक पेशींतून पांढरा चुना दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले, तर ते सावरू शकते.

म्हणूनच उष्णतेखेरीजचे इतर त्रास कमी करणे फार मोलाचे ठरते. नद्यांचा गाळ प्रकाश अडवतो. नांगर आणि पर्यटकांचे पाय वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडतात. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभरच वाढतात. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघासोबत प्रवाळही आहेत. ते तोडणे किंवा विकणे गुन्हा आहे. नांगराऐवजी कायमच्या तरंगत्या बोयाला होडी बांधणे आणि तुटलेले जिवंत तुकडे सिमेंटच्या आधारावर पुन्हा रुजवणे, हे उपाय जगभर वापरले जातात.