घरी गोंधळ, भजन किंवा भीमगीतांचा कार्यक्रम ठेवायचाय? कलावंत कसा शोधावा, बिदागी कशी ठरवावी, वाचा सविस्तर

वाशिम : सोयाबीन, तूर घरात आली की लग्नाच्या तारखा निघतात. हॉल, मांडव, आचारी, घोडा, डीजे यांचं बुकिंग दोन-तीन महिने आधीच होतं. गोंधळाचं मात्र हळद लागायच्या आदल्या दिवशी आठवतं. मग फोनाफोनी सुरू होते, जो मोकळा सापडेल त्याला बोलावलं जातं आणि बिदागीची घासाघीस दारात उभ्या उभ्या होते. डीजेवाल्याला पूर्ण ॲडव्हान्स दिलेला असतो. रात्रभर गाणाऱ्याला मात्र "देवाचं काम आहे, एवढं तं करा" असं ऐकावं लागतं.

याचा तोटा दोघांनाही होतो. कलावंताला पोटापुरतं मिळत नाही, म्हणून त्याचा पोरगा संबळ सोडून पुण्या-मुंबईची वाट धरतो. घरच्या लोकांना चांगलं गाणं ऐकायला मिळत नाही, म्हणून पुढच्या लग्नात गोंधळ फक्त उरकण्यापुरता राहतो. दोन-चार गोष्टी आधी ठरवल्या तर हे टळतं.

घरी होणारे कार्यक्रम कोणते?

आपल्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत तिकीट काढून गाणं ऐकायची पद्धत नाही. गाणं घरी येतं किंवा गावाच्या पारावर येतं. त्याचे मुख्य प्रकार असे :

गोंधळ : लग्नानंतर, जावळाला किंवा नवस फेडताना देवीच्या नावानं घालतात.

खंजेरी भजन : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजेरीवर भजन म्हणत अख्खा विदर्भ जागा केला. गुरुदेव सेवा मंडळांची भजनं आजही वास्तू, पुण्यतिथी, तेरवीच्या निमित्तानं घरोघरी होतात. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकत्र वाजवतात आणि प्रबोधन करतात, हे आपल्याकडं लहान पोरांनाही माहीत आहे.

भारूड : संत एकनाथांपासून चालत आलेला हा प्रकार. सोंग घ्यायचं, हसवायचं आणि हसता हसता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या.

भीमगीतं : १४ एप्रिलच्या जयंतीला तर असतातच, पण मंगल परिणय, नामकरण, गृहप्रवेशालाही गायन पार्टी बोलावतात.

लेंगी : बंजारा तांड्यावरची होळीची गाणी. वर्षभरात ज्या घरी बाळ जन्मलं, त्या घरी होळीला धुंड असतो. गेरिये तिथं गाणी म्हणत बाळाला आशीर्वाद देतात. आपल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. ती इमारत ज्या नंगारा वाद्यावरून ओळखली जाते, तो नंगारा अजून तांड्यात वाजतो.

गोंधळात नेमकं काय होतं?

गोंधळ सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो रचलेला कसा असतो हे तरुण पोरांना कोणी सांगत नाही. ते कळलं की ऐकायची गोडी वाढते.

गोंधळी समाजात दोन मुख्य शाखा आहेत. माहूरच्या रेणुकामातेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीमातेचे ते कदमराई. माहूर आपल्याला जवळ, त्यामुळं आपल्याकडच्या गोंधळात माहूरगडाची आठवण हटकून निघते. परशुरामानं बेटासुर नावाच्या राक्षसाला मारलं, त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं, तोच पहिला गोंधळ, अशी कथा गोंधळी सांगतात.

घरात पाटावर नवं कापड अंथरून धान्याचा चौक भरतात. त्यावर कलश, विड्याची पानं, नारळ मांडतात. ऊस किंवा ज्वारीची पाच ताटं बांधून चौकावर छोटा मांडव करतात. दिवटी पेटते. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली लहान-मोठी जोडवाद्यं; ती काठ्यांनी वाजवतात. सोबत तुणतुणं आणि झांज.

सुरुवात गणानं होते. मग एकेका देवाला नाव घेऊन बोलावतात. आपलं कुलदैवत, शेजारच्या गावचं दैवत, कोणी सुटत नाही. त्यानंतर आख्यान लागतं. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारतो, लोक हसतात आणि कथा पुढं सरकते. शेवटी आरती.

म्हणजे पूजेचा भाग तासा-दीड तासात होतो. खरी कला असते ती आख्यानात. "लवकर आटपा" म्हटलं की आख्यान कापलं जातं, पूजा तेवढी राहते. घरमालकाला पुन्हा वाटतं, गोंधळात काही दम नाही. परभणीचे राजारामभाऊ कदम यांना लोक गोंधळमहर्षी म्हणत, ते त्यांच्या आख्यानामुळं. तेवढी ताकद दाखवायला कलावंताला वेळ लागतो.

आपल्याला आवडेल असा कलावंत कसा शोधायचा?

पहिलं म्हणजे समोर बसून ऐका. मोबाईलवर सगळ्यांचाच आवाज गोड लागतो, कारण मागून इको लावलेला असतो. गावातलं लग्न, सप्ता, जयंती, पोहरादेवीची यात्रा, माहूरची वारी, जिथं गाणं चालू आहे तिथं अर्धा तास थांबा. आवडलं तर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि नंबर तिथंच मोबाईलमध्ये सेव्ह करा. नावापुढं "गोंधळ" किंवा "भजन" लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी शोधलं तरी सापडेल.

दुसरं, काय ऐकायचं ते ठरवा. माईक बंद पडला तरी आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो का? शब्द स्वच्छ कळतात का? लोकांचं लक्ष उडालं तर तो ते परत आणतो का? सिनेमाच्या चालीवरचं एखादं गाणं चालतं, पण अख्खा कार्यक्रम त्यावरच असेल तर त्याच्याकडं स्वतःचं किती आहे ते समजून घ्या.

तिसरं, म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणत्या गावचा गोंधळी आपल्या घराण्याकडं येत होता, हे आजीला माहीत असतं. त्याचा नातू आज भुसार दुकानात हमाली करत असेल, पण आख्यान त्याला पाठ असू शकतं.

चौथं, दारावर येणाऱ्याला हाकलू नका. सकाळी मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, पहाटेचा पिंगळा, हेही कलावंतच आहेत. पायलीभर धान्य देऊन वाटेला लावण्याआधी अर्धा तास ओट्यावर बसवून ऐकलं तर कधी कधी असं काही ऐकायला मिळतं, जे कोणत्याच चॅनलवर नाही.

मोठे कलावंतही लोकांना असेच सापडले. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले, वस्तीत लोकांच्या घरी राहिले, तिथंच गायले. टीव्हीवर यायच्या कितीतरी आधी त्यांची गाणी घराघरात पाठ होती, कारण लोकांनी त्यांना समोर बसून ऐकलेलं होतं.

बिदागी कशी ठरवायची?

इथंच सगळं बिघडतं, म्हणून हिशेब नीट करा. समजा चार जणांची पार्टी आहे. रात्रभर गायलं की दुसऱ्या दिवशी माणूस कामाला जात नाही, म्हणजे प्रत्येकाचे दोन दिवस धरा. गावात आज जी मजुरी चालू आहे, तिची चार माणसं आणि दोन दिवस, म्हणजे आठ मजुऱ्या झाल्या. त्यात जाण्या-येण्याचं भाडं मिळवा. ही झाली फक्त अंगमेहनत. संबळ शिकायला घातलेली वर्षं, पाठ केलेली आख्यानं, वाद्यांची दुरुस्ती यांचं मोल अजून यायचंच आहे. एवढा हिशेब केल्यावर समोरचा सांगतो तो आकडा जास्त वाटत नाही.

काही गोष्टी फोनवरच ठरवून घ्या :

- किती माणसं येणार, किती वाजता सुरू करणार, किती वेळ गाणार.
- भाडं बिदागीत धरलंय की वेगळं.
- ओवाळणी, ताटातले पैसे, चौकावरचं धान्य कोणाचं. बहुतेक ठिकाणी ते कलावंताचंच असतं. ते बिदागीतून कापू नये.
- बयाणा किती. थोडा का होईना, आधी पाठवा. त्या तारखेला त्यानं दुसरं काम नाकारलेलं असतं.
- लग्न पुढं ढकललं तर बयाण्याचं काय.

ठरलेलं व्हॉट्सॲपवर दोन ओळीत लिहून पाठवा. मग दारात वाद होत नाही. आणि पैसे कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री द्या. "उद्या या, हिशेब करू" असं सांगितलं की दहा-वीस किलोमीटरवरच्या माणसाचा आणखी एक दिवस जातो.

घरची तयारी

मोठं घर लागत नाही. सपरी, ओटा, आवार किंवा गोठ्यासमोरची मोकळी जागा पुरते. ताडपत्री, सतरंज्या आणि एक चांगला दिवा असला की झालं. पन्नास-साठ माणसांसाठी माईकची गरज नसते. उलट बिनमाईकचा संबळ जवळून ऐकण्यात जी मजा आहे, ती स्पीकरमधून येत नाही.

लाऊडस्पीकर लावायचाच असेल तर नियम लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्या जागेत लाऊडस्पीकर लावता येत नाही. मोठ्यानं वाद्यं वाजवायलाही हाच नियम आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणून जेवणाच्या पंगती लवकर उठवा आणि दिवे लागणीलाच गोंधळ उभा करा. सात वाजता सुरू झालं तर दहापर्यंत चांगलं आख्यान होतं. त्यापुढं चालवायचं असेल तर पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या, पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. शेजारी बारावीचं पोरगं किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचा विचार आधी.

बायकांना बसायला पुढं जागा ठेवा. त्या सकाळपासून स्वयंपाकात असतात आणि गाणं सुरू होतं तेव्हा भांडी घासत असतात. एक तास भांडी राहू द्या.

कलावंतांचं जेवण पाहुण्यांच्या पंगतीत, पाहुण्यांसारखंच. गाणाऱ्याला गाण्याआधी हलकं आणि नंतर पोटभर, ही रीत बरी. रात्री परत जायला गाडी नसेल तर झोपायची सोय करा. दारू पिऊन समोर नाचणाऱ्याला आवरायचं काम घरमालकाचं आहे, कलावंताचं नाही.

व्हिडिओ काढताना

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. व्हिडिओ काढा, पण आधी विचारा. कॉपीराइट कायद्यानं कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं आणि त्यातून पैसे कमावणं चुकीचं आहे. परवानगी मिळाली तर व्हिडिओखाली कलावंताचं पूर्ण नाव, गाव आणि त्याची हरकत नसेल तर नंबर टाका. "जबरदस्त गोंधळ" एवढंच लिहिलेल्या व्हिडिओला लाखभर लोकांनी पाहिलं तरी गाणाऱ्याला एक सुपारी मिळत नाही. नाव-नंबर असला तर मिळते.

तुमचा एक कागद त्याच्या म्हातारपणाला उपयोगी

ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. वयाची ५० वर्षं पूर्ण झालेल्या (दिव्यांगांसाठी ४०) आणि किमान १५ वर्षं कलेत काम केलेल्या गरजू कलावंताला त्यातून मानधन मिळतं. २०२४ पासून ही रक्कम सरसकट दरमहा ५ हजार रुपये झाली आहे. अर्जाची चौकशी पंचायत समितीत करता येते.

अडचण पुराव्याची येते. चाळीस वर्षं घरोघर गायलेल्या माणसाकडं कागद एकही नसतो. त्याची कला लोकांच्या अंगणात झालेली असते आणि अंगण सर्टिफिकेट देत नाही. शाळेच्या, संस्थेच्या कार्यक्रमात गाणाऱ्याकडं प्रमाणपत्रं असतात. गोंधळी, वासुदेव, भारुडी मागं राहतात.

म्हणून कार्यक्रम झाला की एवढं करा. साध्या कागदावर तारीख, गाव, कार्यक्रमाचं निमित्त, कलावंताचं नाव आणि काय सादर केलं ते लिहा, सही करा. शक्य असेल तर सरपंचांचा किंवा ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या. लग्नपत्रिकेत आचाऱ्याचं, बँडचं नाव छापता तसं "गोंधळ : अमुक आणि पार्टी" अशी एक ओळ छापा. गाताना काढलेले दोन फोटो तारखेसह त्याला पाठवा. तुम्हाला दहा मिनिटं लागतात. त्या फायलीत असे वीस-पंचवीस कागद जमले की अर्जाला वजन येतं.

या लग्नसराईत तुमच्या घरी कार्य असेल तर तारीख निघाल्याबरोबर हॉलवाल्याच्या आधी गोंधळ्याला, भजनी मंडळाला किंवा गायन पार्टीला फोन लावा. चांगल्या पार्ट्या आता थोड्याच राहिल्या आहेत, त्यांच्या तारखा लवकर भरतात.