गीतातून उपजलेली भित्तिचित्रे

भोपाळच्या तुलसी नगराजवळील अरेरा टेकडीवर विधान भवन आहे. तेथील जनगढसिंह श्याम यांची भित्तिचित्रे आपणांस अतिप्राचीन परंपरेची वाटतील; वस्तुतः ही चित्रशैली १९८० नंतरची. जुने आहे ते गीत. परधान हे गोंडांचे गायक. बाना वाजवून बडा देवाचे आवाहन करणे हे त्यांचे कुलकर्म. १९८१ साली जे. स्वामीनाथन यांनी धाडलेल्या शोधपथकास पाटणगढच्या मातीच्या भिंतीवर जनगढांचे चित्र दिसले. भोपाळास भारत भवनात आल्यावर त्यांनी गीतांतील दैवतांस कागदावर देह दिला. आपल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीसाठी अशा कलावंतांस बोलावून त्यांच्यापुढे छापील नमुना ठेवणे आम्हांस म्हणूनच गैर वाटते. आधी त्यांचे गीत ऐकावे. जनगढ २००१ साली जपानमध्ये वारले. तोवर त्यांच्या हाताखाली रंग भरणारे आप्त आपापल्या रेषेने चित्रे काढू लागले होते.