चवळी कोणी खाल्ली?

वैतरणा स्टेशनापासून थोड्या अंतरावर एक छोटी शाळा आहे. भातकापणी झाली की शाळेमागच्या तुकड्यात परसबाग करायची, हा तिथला नेम. त्या वर्षी मुलांनी चवळी, माठ, मुळा आणि हरभरा लावला होता. चवळीची रोपे बोटभर वाढली आणि एका सकाळी तीन वाफे जवळजवळ साफ झालेले दिसले. शाळेशेजारी राहणाऱ्या, सहावीतल्या एका मुलीच्या घरी दोन शेळ्या होत्या. संशय सरळ तिकडेच गेला आणि ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. त्याच आठवड्यात आम्ही शिक्षकांच्या बैठकीसाठी तिथे होतो. शाळेच्या बाईंनी आम्हाला वाफ्यांपाशी नेले.

आम्ही आधी रोपांचे उरलेले देठ पाहिले. प्रत्येक देठ धारदार चाकूने तिरपा छाटल्यासारखा होता. शेळीला असे छाटता येत नाही. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे फक्त टणक हिरडी असते. ती पाला पकडते आणि हिसका देऊन तोडते. त्यामुळे देठाचे टोक फाटते, धागे लोंबतात आणि कोवळे रोप कधी मुळासकट उपटून येते. सुरवंट किंवा गोगलगायीचे काम असते, तर पाने कुरतडलेली वा भोके पडलेली दिसली असती. रानडुकराने वाफाच उकरला असता.

मग लेंड्या शोधल्या. शेळीच्या लेंड्या काळपट, गुळगुळीत आणि लांबट असतात. इथे सापडल्या त्या गोल, किंचित चपट्या, गवती रंगाच्या. फोडल्या तर आत सुक्या गवताचे तुकडे. ओल्या मातीत खुरांचा एकही ठसा नव्हता. पुढे दोन लांबट ठसे जोडीने आणि मागे दोन लहान ठसे एकामागे एक, अशी नक्षी मात्र होती. उडी मारताना ससा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे टाकतो, त्याची ही खूण. शेळ्या निर्दोष ठरल्या.

आपला ससा कोणता?

मुलांच्या पुस्तकातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा युरोपातला. तो बिळे खणून टोळीने राहतो. त्याची पिले आंधळी आणि केसांवाचून जन्मतात. आपल्या रानातला ससा निराळा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे 'काळ्या मानेचा'. तो बीळ खणत नाही. दिवसा गवतात किंवा झुडपाखाली दबून बसतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. त्याची पिले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. मराठीत दोघांनाही 'ससा' म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. परदेशी बागकामाच्या पुस्तकात 'जाळी जमिनीत खोल पुरा' असा सल्ला असतो, तो त्या खणणाऱ्या सशासाठी.

ससा उंदराच्या कुळातलाही नाही. उंदराला वरच्या जबड्यात पुढचे दोनच दात असतात. सशाला चार असतात: दोन मोठे आणि त्यांच्या मागे दडलेले दोन बारीक. हे दात आयुष्यभर वाढतात आणि चावताना घासून धारदार राहतात. देठ तिरपा छाटला जातो तो त्यांमुळेच.

आता प्रश्न असा, की ससा नेमका याच दिवसांत वाफ्यावर का आला? पावसाळ्यात माळावर, बांधांवर कोवळे गवत भरपूर असते. दिवाळीनंतर ते वाळू लागते. अशा वेळी रोज पाणी मिळणारा शाळेचा वाफा हे आसपासचे सर्वांत कोवळे, हिरवे ताट ठरते.

चवळी मेली, हरभरा फुटला

चार दिवसांनी वर्गाने आणखी एक गोष्ट टिपली. छाटलेली चवळी वाळली, पण छाटलेल्या हरभऱ्याला नवे फुटवे आले. कारण उगवण्याच्या पद्धतीत आहे. चवळी उगवताना आपल्या दोन्ही डाळिंब्या जमिनीवर उचलून आणते. वाढीचे सगळे डोळे डाळिंब्यांपाशी आणि त्यांच्या वर असतात. त्यांच्या खाली छाट बसली, की रोपाजवळ फुटायला काही उरत नाही. हरभऱ्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात; तिथले डोळे वाचतात आणि फुटतात. घाटे धरण्यापूर्वी हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले तरी झाड दाट होते, हे शेतकऱ्याला ठाऊकच आहे. गवताचा वाढीचा बिंदू तर जमिनीलगत असतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा चरले तरी वाढते.

यावरून रक्षणाचा काळही ठरतो. चवळी, भेंडी, मिरची यांना पहिले तीन-चार आठवडे सर्वांत जपावे लागते. पुढे देठ जून होतो आणि धोका कमी होतो.

कुंपण कसे घालावे?

बोरीच्या किंवा बाभळीच्या फांद्यांची कूड ही आपली जुनी पद्धत. ती गुरांना अडवते, पण तळाशी फटी राहतात आणि सशाला तेवढी वाट पुरते. खाडीकाठच्या गावांत जुनी मासेमारीची जाळी लावतात. ससा ती दातांनी तोडतो. शिवाय तिच्यात धामणीसारखे साप अडकून मरतात, आणि धामण तर उंदीर खाऊन शेताची राखणच करते.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी उत्तम. भोक एक इंचापेक्षा मोठे नसावे. चार फूट रुंदीची जाळी घेऊन तीन फूट उभी ठेवावी आणि उरलेली एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून दगडांनी दाबावी. घाबरलेला ससा तीन फुटांहून उंच उडी मारू शकतो. पण चरायला आलेला ससा सहसा उडी न मारता खालची फट शोधतो. तो कुंपणापाशी आला की दुमडलेल्या जाळीवरच उभा राहतो. फाटकाखालची फट विसरू नये.

जाळी महाग आहे, म्हणून इथे भूमिती कामाला येते. १० मीटर बाजूचे चार चौरस वाफे वेगवेगळे कुंपले, तर १६० मीटर जाळी लागेल. तेच चार एकत्र आणून २० मीटर बाजूचा एक चौरस केला, तर ८० मीटर पुरते. क्षेत्रफळ तेच, खर्च निम्मा. हे गणित मुलांनी स्वतः करावे.

बुजगावणे, उग्र वासाच्या चिंध्या, वाऱ्यावर वाजणारे डबे यांचा उपयोग थोडे दिवस होतो. अपाय होत नाही असे कळले, की प्राणी त्यांना सरावतो. फास, विष आणि घरच्या विजेची उघडी तार यांचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि विजेच्या तारेने माणसेही मेली आहेत.

कुंपण वेळेवर घातले तरच उपयोगी. ऑस्ट्रेलियात १८५९ साली सुमारे दोन डझन युरोपीय ससे शिकारीच्या हौसेसाठी सोडले गेले. त्यांची संख्या अफाट वाढली. पश्चिम भागात त्यांना अडवायला १९०७ साली १,८०० किलोमीटरहून लांब कुंपण पुरे झाले; तोवर ससे पलीकडे पोचलेही होते. आपणही जाळी पेरणीआधी लावावी.

वर्गासाठी प्रयोग

सारख्या आकाराचे दोन वाफे घ्यावेत. दोन्हींत एकाच दिवशी चवळीच्या ५० बिया पेराव्यात. एकाला जाळी लावावी, दुसरा उघडा ठेवावा. रोज सकाळी रोपे मोजावीत, प्रत्येक छाटलेला देठ तपासावा आणि तक्ता ठेवावा. उघडा वाफा असल्याशिवाय 'जाळीमुळे रोपे वाचली' असे म्हणता येत नाही. कदाचित त्या महिन्यात ससा आलाच नसेल.

त्या शाळेत बाईंनी वर्गासमोर दोन देठ ठेवले. एक वाफ्यातला आणि दुसरा, शेळीला मुद्दाम एक रोप खायला देऊन मिळवलेला. फरक मुलांनीच सांगितला. शेळी घेऊन आली होती ती तीच मुलगी. पुढे रोपे मोजण्याचे कामही तिनेच मागून घेतले.